सात लिटर हवा

(दृश्य: गॅरेजच्या कोपऱ्यात माठ, त्याच्या तोंडावर बसवलेला स्पीकर)

गॅरेजमध्ये, सलूनमध्ये, शिंप्याच्या दुकानात हे तुम्ही पाहिलं असेल. पाण्याचा माठ, तोंडावर कापडाची चुंबळ आणि तिच्यावर गाडीतून काढलेला जुना स्पीकर. जुगाड म्हणून आपण हसतो, पण त्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर उघडा असेल तर मागचा आवाज कडेनं वळून पुढे येतो, पुढच्याला खोडतो आणि खर्ज मरतो. वरचे सूर तेवढे वळत नाहीत, म्हणून उघडा स्पीकर नुसता किणकिणतो. माठ मागचा आवाज कोंडून ठेवतो. शिवाय कोंडलेली हवा पडद्याला स्प्रिंगसारखी मागे खेचते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 साली नेमक्या याच हवेच्या स्प्रिंगवर एआर-1 हा स्पीकर उभा केला आणि लहान खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला.

(दृश्य: बुधवार पेठ, पुणे. दुकानांतले सुटे स्पीकर, सर्किट बोर्ड)

हेच तत्त्व वापरून साधारण पाच-सहा हजारांत घरची सिस्टीम जमवायची, तर पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. अ‍ॅम्प्लिफायरची काळजी आता उरलेली नाही. टीपीए3116 चिपचा तळहाताएवढा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो आणि जुन्या लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो. कागदावर दर चॅनेलला 50 वॅट लिहिलेले असतात, पण ते 21 व्होल्ट आणि 4 ओहमच्या स्पीकरचे. आपल्या 8 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे 20 वॅट मिळतील. दिवाणखान्याला तेवढे भरपूर झाले, कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. टेपरेकॉर्डरवर ‘1000 वॅट पीएमपीओ’ अशी फुगवलेल्या आकड्यांची स्टिकरं पाहून मोठी झालेली आमची पिढी हे पटकन मान्य करत नाही.

पैसे घालायचे ते स्पीकरमध्ये. आणि स्पीकर घेताना चुंबकाचं वजन हातात तोलत बसण्यापेक्षा तीन आकडे विचारावेत: एफएस (पडदा आपसूक ज्या कंपनसंख्येला थरथरतो ती), क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते त्याचं माप) आणि व्हीएएस (पडद्याच्या ताणाइतकीच स्प्रिंग देणारी हवा, लिटरमध्ये). ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी रुळवलेले हे आकडे हातात असले की खोक्याचं माप अंदाजावर राहत नाही.

(दृश्य: वहीवर मांडलेलं गणित)

समजा पाच इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर आहे. एफएस 60 हर्ट्झ, क्यूटीएस 0.45, व्हीएएस 10 लिटर. बंद खोक्यासाठी एकूण क्यू, म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा क्यू, 0.7च्या आसपास धरतात. 0.707 भागिले 0.45, त्याचा वर्ग करून एक वजा केला की येतात 1.47. दहा लिटरना त्यानं भागा: 6.8 लिटर. खोकं याहून बरंच लहान केलं तर खर्जाचा एकच पट्टा बुमबुम करत राहतो.

आतून 16 बाय 20 बाय 22 सेंटिमीटर, म्हणजे सात लिटर. वूफर स्वतः थोडी जागा खातो, तेव्हा हिशेब जुळतो. 18 मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, घ्या आणि दुकानातूनच मापात कापून आणा. घरी करवतीनं काटकोन साधणं सुताराचं काम, आपलं नव्हे. सांध्यांना फेविकॉल, वरून स्क्रू, आणि आतून प्रत्येक फट बुजवलेली. बाहेरून रंग किंवा व्हिनियर हवंच, नाहीतर पावसाळी ओलीनं एमडीएफ फुगतो. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरायचा.

ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, थेट जोडला तर खर्जानं तो जळतो. त्याच्या मालिकेत 4.7 मायक्रोफॅरॅडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर टाकला की साधारण 4 हजार हर्ट्झखालचे सूर उतरत जातात. वायर घरच्या फिटिंगची, दीड एमएमची चालते. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर दुकानदाराच्या फायद्याची.

(दृश्य: पेन्सिल सेल, वूफरची टोकं, पुढे सरकणारा पडदा)

खोकी बंद करण्याआधी पेन्सिल सेल क्षणभर लावून बघायचा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावलं की पडदा बाहेर यायला हवा, दोन्ही बाजूंना. एक जरी उलटा जोडला गेला, तर डावा-उजवा एकमेकांचा खर्ज खोडतात आणि गायक खोलीत कुठे उभा आहे तेच कळत नाही.

या जोडीचा आवाज 94 हर्ट्झच्या आसपास उतरू लागतो, आणि त्याखाली दर सप्तकाला 12 डेसिबलनं. खोकी भिंतीजवळ सरकवली तर थोडी भरपाई होते. गाणं, तबला, बातम्या, नाटकाचं रेकॉर्डिंग यांत काही उणं वाटणार नाही. मिरवणुकीतला ढोल मात्र यांच्याकडून मागू नका. त्याला मोठा पडदा लागतो आणि सात लिटरच्या कितीतरी पट हवा.