हारेकेतली

श्रोतेहो, नमस्कार. तुर्की भाषेत सतत काही ना काही करत राहणाऱ्या, चळवळ्या माणसाला 'हारेकेतली' म्हणतात. मूळ शब्द 'हारेकेत', म्हणजे हालचाल. हा अरबी शब्द आपल्याकडेही आला आणि त्याची 'हरकत' झाली. पुन्हा सांगते: तुर्की हारेकेत म्हणजे हालचाल, मराठी हरकत म्हणजे आक्षेप. गवयाची हरकत मात्र मूळ अर्थाला धरून राहिली. तिथे सूर हलतोच.

गजबजलेला रस्ता हारेकेतली, ठेका धरायला लावणारं गाणं हारेकेतली, आणि एका जागी न बसणारं पोर तर हारेकेतलीच. अशा पोरांना आपण 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसवतो, ते मला कधीच पटलं नाही. मूल हलणारच! तुर्की म्हणच आहे: 'नेरेदे हारेकेत, ओरादा बेरेकेत'. जिथे हालचाल, तिथे बरकत.

आता १९०९ सालची गोष्ट ऐका. एप्रिल महिना. इस्तंबूलमध्ये शिपायांनी बंड केलं. आदल्याच वर्षी राज्यघटना पुन्हा लागू झाली होती, ती आता जाते की राहते अशी वेळ आली. बातमी सॅलोनिकाला, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीला, पोचली आणि तिथलं सैन्य आगगाड्यांनी राजधानीकडे निघालं. या सैन्याला नाव काय द्यायचं? त्यात एक तरुण अधिकारी होता, मुस्तफा केमाल. पुढे तोच अतातुर्क झाला, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक. त्यानं नाव सुचवलं असं सांगतात: 'हारेकेत ओर्दुसु'. ओर्दु म्हणजे सैन्य. आपल्या 'उर्दू'चं मूळ तेच. नावात ना शत्रू, ना सुलतान, ना कुठली घोषणा. निघालेलं सैन्य, एवढंच! मला हे नाव फार आवडतं. २४ एप्रिलला ते शहरात शिरलं. २७ तारखेला सुलतान अब्दुल हमीद दुसरा पदच्युत झाला. आणि त्याला पाठवलं कुठे? सॅलोनिकाला. जिथून हारेकेत ओर्दुसु निघाली, तिथेच!

'हारेकेत'चा आणखी एक वापर सांगते. कामाला लागणं, हालचाल सुरू करणं, याला तुर्कीत म्हणतात 'हारेकेते गेच्मेक'. शब्दशः, हालचालीत शिरणं. पोलीस निघाले, अग्निशमन दल निघालं, की तुर्की बातम्यांत हेच शब्द कानावर येतात.