जिभेखालची गोळी

(दृश्य: सरकारी रुग्णालयातली सकाळ. खिडकी, रजिस्टर, स्टीलचा ट्रे.)

नर्स गोळीचा चुरा करते आणि समोरच्या माणसाच्या जिभेखाली ठेवते. मग दोघंही थांबतात. काही मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. चुरा विरघळला की नर्स तोंड उघडायला लावते, आत बघते आणि रजिस्टरवर सही घेते. उद्या पुन्हा या.

गोळीत आहे ब्युप्रेनॉर्फिन. हेरॉइनच्या, म्हणजे आपल्याकडच्या ब्राउन शुगरच्या, गर्दच्या व्यसनावर जगभर वापरलं जाणारं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतात ते तयारही होतं. पण ज्याला हवं आहे त्याच्या जिभेखाली पोहोचेपर्यंत त्याची बरीच अडवणूक होते.

(दृश्य: मुंबई. उड्डाणपुलाखालची माणसं, चेहरे न दाखवता.)

गर्द न मिळाल्यावर जे होतं त्याला मुंबईच्या फुटपाथवर 'टर्की' म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडांत कळा, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. व्यसन जुनं झालं की माणूस झिंगेसाठी कमी आणि ही टर्की चुकवण्यासाठी जास्त ओढतो.

मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं तिथेच ब्युप्रेनॉर्फिन बसतं, आणि जास्त घट्ट बसतं. पण त्याचा जोर अर्धवट असतो. टर्की थांबते, तलफ उतरते, झिंग फारशी येत नाही. डोस वाढवत नेला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनच्या मानाने बराच कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र हा भरवसा राहत नाही.

सुरुवात अवघड असते. अंगात हेरॉइन ताजं असताना गोळी घेतली तर ती त्याला हुसकावून लावते आणि टर्की एकदम अंगावर येते. म्हणून डॉक्टर पहिल्या डोसआधी टर्की सुरू होण्याची वाट बघायला लावतात. वर्षानुवर्षं जी चुकवली तीच आता अंगावर घ्यायची, तीही रुग्णालयाच्या बाकावर बसून. काही जण तिथूनच उठून जातात.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावली, असंच ना?" घरचे विचारतात, पोलीस विचारतात, काही डॉक्टरही विचारतात. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पुण्याचं मुक्तांगण, 1986 मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलेलं. केंद्रात राहायचं, गटात बोलायचं, पूर्ण सोडायचं. त्या वाटेने पुष्कळ जण बाहेर पडले. पण हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेत एक विचित्र धोका आहे. काही आठवडे बंद ठेवली की शरीराची सहनशक्ती उतरते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेला माणूस पाय घसरून पूर्वीइतकीच मात्रा घेतो, आणि ती आता जीवघेणी ठरते. औषध चालू असताना मृत्यूचं प्रमाण औषध सुटलेल्या काळाच्या निम्म्याच्या आसपास राहतं, असं निरनिराळ्या देशांतले अभ्यास सांगतात. हे ठाऊक असूनही 'दुसरी नशा' म्हणून नाक मुरडणं मला तरी समजत नाही.

कायद्याला वाटणारी गैरवापराची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दिल्ली, चेन्नईसारख्या शहरांत ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनचीच नशा होऊ लागली होती. औषध 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. पुढे नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशेचा परिणाम उलटवणारं औषध, मिसळलेली गोळी आली. जिभेखाली ठेवली तर नॅलोक्सोनचा फारसा परिणाम होत नाही, विरघळवून शिरेत टोचली तर ते टर्की आणतं. इतकी तजवीज केलेली ही गोळीही औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती फक्त व्यसनमुक्ती केंद्रांना किंवा तशी सोय असलेल्या रुग्णालयांना पुरवली जाते.

(दृश्य: भिंतीवरचा एड्स जनजागृतीचा फलक.)

आणि सरकारी, मोफत गोळी देशभर पसरली ती एड्सच्या दारातून. 2007 नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने हा उपचार हाती घेतला. हेतू सुयांची देवाणघेवाण थांबवण्याचा, म्हणून योजना इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी. मुंबईत गर्द मुख्यतः धातूच्या पन्नीवर तापवून तिचा धूर ओढला जातो. ओढणाऱ्याची टर्की काही सौम्य नसते, पण तो योजनेत बसत नाही. सुई न धरल्याची शिक्षाच ही, दुसरं काय.

पंजाबने वेगळा रस्ता धरला. ऑक्टोबर 2017 मध्ये मोगा, तरनतारन आणि अमृतसर जिल्ह्यांत बाह्यरुग्ण केंद्रं उघडली. दाखल व्हायची गरज नाही, सुईची अट नाही. आज अशी केंद्रं पाचशेहून जास्त आहेत आणि लोक या औषधाला सरळ 'जीभवाली गोली' म्हणतात. 2020 च्या टाळेबंदीत रोजची रांग अशक्य झाली, तेव्हा दोन-दोन आठवड्यांच्या गोळ्या घरी दिल्या गेल्या. गोळ्या बाहेर विकल्या जातात ही तक्रार तिथे आहे, आणि ती खरीही आहे. पण त्या गोळ्या विकत घेणाऱ्यांत पुष्कळ जण टर्की भागवणारेच असतात. रांग आखूड झाली तर त्यांनाही खिडकीशी येता येईल.

फ्रान्सने 1990 च्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांना हे औषध लिहून द्यायला मोकळीक दिली. 1995 ते 1999 या काळात तिथले अतिसेवनाचे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. अमेरिकेत डॉक्टरांना लागणारा खास परवाना रद्द व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला.

(दृश्य: सकाळचा मजूर नाका.)

एम्सच्या केंद्राने केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय नशेने त्रस्त असलेल्यांची संख्या सुमारे 77 लाख निघाली. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. नाक्यावर मजुराला सकाळी उभं राहावं लागतं. खिडकीही सकाळचीच. रांगेत थांबला तर त्या दिवसाचं काम गेलं, कामावर गेला तर दुपारपासून टर्की. काही महिने नीट चाललेल्या माणसाला आठवड्याची गोळी घरी दिली तर हा पेच बराचसा सुटतो. तसं करणारी केंद्रंही आहेत.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांमुळे होणारे आजार येतात, त्यामुळे सरकारी उपचार मागणं हा हक्क आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक 14446, फोन मोफत. रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा आणि तीन गोष्टी थेट विचारा: ब्युप्रेनॉर्फिन आहे का, ओढणाऱ्यालाही देता का, आणि औषधावर स्थिरावलेल्या रुग्णाला किती दिवसांची गोळी घरी देता. उत्तरं केंद्रागणिक बदलतात. एका ठिकाणी नाही म्हणाले तर पुढच्या ठिकाणी विचारा, आणि तोवर चालू असलेली गोळी स्वतःहून तोडू नका.