विळीवरचं बोट

नमस्कार श्रोतेहो. परळच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते, पण आजची गोष्ट घरच्या ओट्यावरची. रविवारी बोंबील कापताना विळी बोटाला लागली. फडक्याने दाबून धरलं, पाच-सात मिनिटांत रक्त थांबलं. सासूबाईंनी हळद लावली आणि श्रेय हळदीला गेलं! खरं काम त्याआधीच उरकलं होतं.

शीर कापली की आधी आकसते. मग जखमेच्या कडेला प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या बारीक चकत्या, चिकटतात. घनमिलिमीटरभर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. चिकटलेली प्लेटलेट रसायनं सोडून शेजारणींना बोलावते. पण ही नुसतीच गर्दी, धक्क्याने पांगणारी. म्हणून थ्रॉम्बिन नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे काढतं. कोळ्यांच्या डोल जाळ्यात बोंबील अडकावेत तशा तांबड्या पेशी त्या जाळ्यात अडकतात.

या गोठण्याला कॅल्शियम लागतं. आमच्या निळ्या टोपणाच्या नळीतलं सायट्रेट ते धरून ठेवतं, म्हणून त्यातलं रक्त पातळच राहतं. लाल टोपणाच्या साध्या नळीतलं मात्र अर्ध्या तासात असं धरतं, की नळी तिरकी केली तरी ढिम्म हलत नाही. इतकी वर्षं झाली, तरी मी एकदा तिरकी करून बघतेच.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे गोठणं बोटापुरतंच का राहतं? पुढे वाहून गेलेल्या थ्रॉम्बिनला रक्तातलंच अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन गाठून निकामी करतं. त्यातून सुटलेलं धडधाकट शिरेच्या अस्तराला चिकटलं, की चक्क पक्ष बदलतं. तिथे ते प्रोटीन सी नावाचं प्रथिन जागं करतं आणि गोठणं रोखतं. पक्षांतराचा असा फायदा मुंबईत दुसरीकडे दिसत नाही! जखम भरत आली की प्लास्मिन नावाचं विकर जाळं कुरतडून टाकतं.

हा तोल बिघडला की गुठळी पोटरीत धरते, तिथून फुफ्फुसात जाऊ शकते. एकच पाय सुजून दुखला किंवा एकाएकी धाप लागली, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

वॉरफरिन हे गुठळ्या रोखणारं औषध घेणारे एक आजोबा आमच्याकडे येतात. श्रावणात मटण सुटलं, ताटात रोज पालक नाहीतर अळू आलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, घसरला. पाल्यात रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के भरपूर, आणि वॉरफरिन अडवतं ते त्याचंच काम. आजोबांनी भाजीच सोडायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, सोडू नका, रोज सारखीच खा. आता सूनबाई मोजून एक वाटी वाढतात. "दुसरी मागितली," आजोबा सांगत होते, "तर म्हणते, आधी रिपोर्ट दाखवा."