शेपटातल्या मित्रासाठी

हे विमान कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संग्रहालयातलं. लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. 1988 साली ते पुन्हा आकाशात झेपावलं, ते व्हीआर-ए ही अक्षरं अंगावर मिरवत. ही अक्षरं मात्र दुसऱ्या एका लँकेस्टरची. ते 13 जून 1944 च्या मध्यरात्रीनंतर उत्तर फ्रान्समध्ये कोसळलं.

नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरून जेमतेम आठवडा झाला होता. कामगिरी होती काम्ब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायची. विमानात सात जण. पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटात, अँड्र्यू मिनार्स्की, विनिपेगच्या पोलिश कुटुंबातला 27 वर्षांचा गनर. शेपटात त्याचा जिवलग दोस्त, पॅट ब्रॉफी.

जर्मन लढाऊ विमानानं गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, आग लागली. कॅप्टननं उड्या मारायचा हुकूम दिला.

शेपटातली जागा इतकी अरुंद, की गनरला पॅराशूट अंगावर बांधून बसता येत नसे. ते आत, विमानाच्या धडात ठेवलेलं असे. टरेट फिरवून दार आतल्या बाजूला आणलं तरच ते हाती लागायचं. आणि हे टरेट फिरायचं डावीकडच्या इंजिनाच्या जोरावर. ब्रॉफीनं हातानं फिरवायचा दांडा धरला, तोही तुटला.

मिनार्स्की दारापाशी पोचला होता. उडी मारली असती तर कुणी बोल लावला नसता. त्यानं वळून पाहिलं आणि आगीतून रांगत शेपटाकडे गेला. आधी कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी झटत राहिला. कपडे कमरेपर्यंत पेटलेले. ब्रॉफीनं ओरडून, हातवारे करून त्याला परत जायला लावलं. मिनार्स्की मित्राकडे पाहत मागे सरकला, दारात ताठ उभा राहिला, सलाम ठोकला. ओठ हलले. ब्रॉफीला शब्द कळले: "गुड नाइट, सर." ब्रॉफी अधिकारी झाल्यापासून रात्री निरोप घेताना अँडी त्याला लाडानं हेच म्हणायचा.

त्याचं पॅराशूटही पेटलं होतं. फ्रेंच गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण भाजल्या जखमांतून वाचला नाही. मेअरिकूरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

आणि ब्रॉफी? विमान जमिनीवर आदळताना तो टरेटमधून बाहेर फेकला गेला, आणि जगला. बाकीचे पाचही जगले.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, 55,573 जण या युद्धात गेले. कितीतरी विमानांत शेवटच्या क्षणी कोण कुणासाठी थांबलं, हे सांगायला कुणी उरलंच नाही. इथे ब्रॉफी उरला. त्याच्या साक्षीवरून मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, जाहीर झाला, 11 ऑक्टोबर 1946 रोजी.