दोन वाव पाण्याचा हिशोब

(दृश्य: गोव्यातली शापोरा जेटी, सकाळ. पावसाची रिपरिप. माडाखाली ताडपत्रीने झाकलेली फायबरची होडी.)

जुलैचा शेवटचा आठवडा चाललाय. 1 जूनला लागलेली मासेमारी बंदी 31 जुलैला संपणार, त्यामुळे जेटीवर जाळी शिवणं, इंजिन खोलून बसवणं, रंगकाम, सगळं एकदमच सुरू आहे. आमच्या काकांची होडी अजून वरच आहे, आणि आज तिच्यावर फिश फाइंडर, म्हणजे खाली पाणी किती आणि मासे कुठे ते दाखवणारं मशीन, बसणार.

होडी जमिनीवर आहे तोवरच हे काम उरकायचं. एकदा पाण्यात गेली की खालून हात घालता येत नाही.

काकांनी आयुष्यभर पाणी मोजलं ते दोरीने. शिशाचा गोळा, आणि दोरीला वावा-वावावर गाठी. एक वाव म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरले की होतो तेवढा. मशीन घ्यायला ते तयार झाले ते माशांसाठी नाहीच. म्हणाले, "आदीं पाणी पळय, मागीर नुस्तें." म्हणजे आधी पाणी बघ, मग मासे.

कारण समोर बघा. नदीच्या तोंडाशी, पलीकडे मोरजीच्या बाजूला रेतीचा पट्टा दिसतोय ना, तो पावसाळ्यात सरकतो. गेल्या वर्षी जिथून होडी सरळ आत यायची तिथे यंदा रेती असू शकते, आणि हे वरून कळत नाही. जीपीएसवर जुना ट्रॅक सेव्ह असला तरी तो जुन्याच रेतीचा आहे.

(दृश्य: काकांच्या मांडीवर उघडलेला खोका.)

आता घ्यायचा कुठला? दुकानात सगळे स्क्रीनचा साइझ विचारतात, नऊ इंच, बारा इंच. माझं मत स्पष्ट आहे, छोट्या होडीला पाच ते सात इंच बास, फक्त भर उन्हात दिसला पाहिजे, तेव्हा दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन चालू करून बघा. उरलेले पैसे चांगल्या ट्रान्सड्युसरवर घाला. मशीनचा कान तोच. तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून खोली निघते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो.

फ्रिक्वेन्सी दोन्ही असलेली घ्या, 50 आणि 200 किलोहर्ट्झ. 200 चा झोत अरुंद पण चित्र बारीक, आपल्या दहा-वीस वावाच्या पाण्याला तोच बरा. झोत वीस अंशांचा असेल तर 30 मीटर खोलीवर तळाचा साधारण दहा मीटरचा गोल दिसतो, त्याच्या बाहेरचं काहीच नाही. 50 चा झोत रुंद आणि खोलवर जाणारा, पण चित्र ढोबळ. 1948 साली जपानच्या फुरुनो बंधूंनी पहिला फिश फाइंडर बाजारात आणला, तेव्हापासून मूळ गोष्ट हीच आहे, आवाज सोडा आणि ऐका.

(दृश्य: होडीचा मागचा भाग. काका हाताने तळ चाचपतात.)

आता खरं काम. मागच्या सीझनला एका ओळखीच्यांच्या होडीवर बसवून घेतलं होतं, जेटीवर मस्त दिसायचं आणि होडीने वेग घेतला की आकडा गायब. का, तर ट्रान्सड्युसर तळाच्या एका उभ्या पट्टीच्या बरोबर मागे लावला होता, पट्टीवरून फेस यायचा तो थेट त्याच्यावर. हवेतून हा आवाज धड जातच नाही, बुडबुडा आला की मशीन आंधळं. म्हणून काका आधी हात फिरवून बघतायत, पाणी कुठून गुळगुळीत येईल. इंजिनच्या पंख्यापासून हातभर लांब, उजव्या बाजूला, आणि तोंड तळापेक्षा किंचित खाली, दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. स्क्रूच्या भोकात मरीन सीलंट भरायचा, साधा सिलिकॉन नको.

भोक पाडायची भीती वाटत असेल तर आतून तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो, पण तिथे भरीव फायबरच पाहिजे, मध्ये फोम किंवा प्लायवूड असेल तर काही दिसणार नाही.

वायर सरळ बॅटरीला, मध्ये फ्यूज. स्टार्टरच्या बॅटरीला जोडाल तर इंजिन मारलं की व्होल्टेज पडतं आणि स्क्रीन बंद होऊन परत चालू होते, ती पण नेमकी रेतीवर असताना. ट्रान्सड्युसरची केबल लांब झाली तरी कापू नका, गुंडाळून बांधून ठेवा.

(दृश्य: होडी पाण्यात, जेटीला बांधलेली.)

आता सेटिंग. पाणी खारं असं निवडायचं. माशांची चित्रं दाखवणारा ऑप्शन बंदच करा, तो पाल्यापाचोळ्यालाही मासा म्हणतो. सेन्सिटिव्हिटी स्क्रीनभर ठिपके येईपर्यंत वाढवायची, मग थोडी कमी. कडक तळ जाड आणि ठळक दिसतो, आणि खडप असेल तर बऱ्याचदा दुप्पट खोलीवर त्याची दुसरी रेघही उमटते, चिखल फिका दिसतो. तारल्यांचा थवा ढगासारखा येतो, कारण आवाज जास्त करून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून येतो. मोरीला, म्हणजे शार्कला, ती पिशवीच नाही, तेव्हा ती अंधुकच.

आणि ऑफसेट, म्हणजे स्क्रीनच्या आकड्यात करायची दुरुस्ती. हा बरेच जण सोडून देतात. काकांनी दोरी सोडली, दोन वाव, टेपने मोजली तर 3.6 मीटर. स्क्रीन म्हणते 3.3. चूक नाही, ट्रान्सड्युसर पाण्याखाली 30 सेंटिमीटर आहे. पण पंख्याखालचं इंजिनचं पातं त्याच्याही 40 सेंटिमीटर खाली आहे, आणि रेतीला आधी तेच लागणार. म्हणून ऑफसेट उणे 0.4. आता स्क्रीनवर 2.9. म्हणजे पात्याखाली खरोखर एवढंच पाणी. कमी खोलीचा अलार्म एक मीटरला लावला.

(दृश्य: 1 ऑगस्ट. होडी नदीच्या तोंडाकडे.)

हे मशीन पुढचं दाखवत नाही, फक्त खालचं. लाट फुटते तिथे फेसामुळे आकडा उडतोसुद्धा. म्हणून काका भरतीची वेळ धरून निघालेत, हळू, डोळे पाण्यावर. 2.4. 1.8. 1.3. इंजिन अजून मंद केलं. 1.2. 1.5. 2.6.

शिशाची दोरी काकांनी बाकाखाली तशीच ठेवलीय. बॅटरी उतरली तर तीच.