मनगटावरचा आकडा

(दृश्य: रंकाळा, पहाटेचा अंधार. चालणाऱ्यांचे हात.)

पहाटे साडेपाचचा रंकाळा. माणसं अजून नीट दिसत नाहीत, त्यांची मनगटं तेवढी दिसतात. हिरवे ठिपके पुढं-मागं हलताहेत. घड्याळं नाडी मोजताहेत. एक हात थांबतो, हिरवा उजेड जातो, लाल लागतो. आता मोजणी रक्तातल्या ऑक्सिजनची.

शालिनी पॅलेसच्या भिंतीवर ऊन आलं तेव्हा हे काका भेटले. निवृत्त शिक्षक. घड्याळ मुलानं दिवाळीत दिलेलं. चालता चालता त्यांनी मनगट वर केलं आणि जागीच थबकले. ९१.

"एक्क्याण्णव म्हणतंय. जाऊ काय दवाखान्यात?"

त्यांच्याच गल्लीतल्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आशा आरोग्यसेविका, आमच्याबरोबर होत्या. "काका, अगोदर टेका इथं. बोलताना धाप लागत्या काय? छातीत काय?" काका नाही म्हणाले. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार. तळव्यात तळवा धरून चोळला, मग पिशवीतून बोटाचा ऑक्सिमीटर काढला. त्याला त्या चिमटाच म्हणतात. पडदा बघा. आधी नुसत्या रेघा. मग ८९. मग ९४. आणि थांबलेला आकडा, ९७.

हात तोच, रक्त तेच.

(दृश्य: अंधारात चिमट्यातून लालभडक दिसणारं बोट, अगदी जवळून.)

ऑक्सिजन घेऊन निघालेलं रक्त लालभडक असतं, देऊन परतलेलं काळपट. काळपट रक्त लाल उजेड जास्त गिळतं. लालभडक रक्त तो सोडून देतं, पण डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड जास्त गिळतं. चिमटा हे दोन्ही उजेड बोटातून आरपार धाडतो आणि पलीकडं किती पोचले ते बघतो. पण बोटात हाड आहे, कातडी आहे, शिरांमधलं परतीचं रक्त आहे. त्यातून धमनीतलं रक्त निवडायचं कसं?

ही गाठ जपानच्या ताकुओ आओयागी यांनी सोडवली. निहोन कोहडेन कंपनीतले ते अभियंते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते कानाच्या पाळीतून उजेड सोडून हृदय किती रक्त फेकतं ते मोजू बघत होते, आणि नाडीचे ठोके त्यांचा आलेख बिघडवत होते. ते ठोके पुसून टाकायच्या खटपटीत त्यांना उमगलं, की ठोक्यागणिक कमीजास्त होतं ते धमनीतलंच रक्त. हाड हलत नाही, कातडी हलत नाही. मग जे हलतं तेवढंच मोजायचं. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. आओयागी गेले १८ एप्रिल २०२० रोजी, आणि कोरोनाच्या त्याच दिवसांत सगळं जग त्यांचं यंत्र शोधत होतं.

मनगटातून उजेड आरपार जात नाही. म्हणून घड्याळ तो आत टाकतं आणि उलटून किती आला ते पाहतं. तिथं ठोका मुळात क्षीण. त्यात पट्टा ढिला, हात हलता, थंडी, कातडीवर गोंदण, मग आकडा कुठंही भरकटतो. हे रोगनिदानासाठी नाही, असं बहुतेक घड्याळांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. काकांनी ते चष्मा लावून कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा वाचलं.

चुकतो तर चिमटाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असलेले नमुने कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के निघाले, गोऱ्यांमध्ये ३.६. आपण सावळी माणसं. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?

(दृश्य: काका कट्ट्यावर, हात मांडीवर.)

पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट. हात स्थिर. बोलायचं नाही. अर्ध्या मिनिटानं घड्याळ म्हणालं, ९६.

(दृश्य: गल्ली, उंबरा, ताईंची पिशवी.)

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत, सप्टेंबर २०२० पासून, ताई याच गल्लीत घरोघर फिरल्या. दारातच बोट पुढं घ्यायचं, चिमटा लावायचा, आकडा वहीत उतरवायचा, चिमटा पुसून पुढचं दार. मेंदी गडद असेल तर दुसरं बोट. नखाला रंग असेल तर आधी तो पुसायला लावायचा. आणि आकडा उमटेपर्यंत, ताई सांगतात, यंत्राकडं बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडं बघायचं. ओठ निळसर आहेत का, वाक्य एका दमात पुरं होतंय का. त्यांची ती वही आम्ही पानापानानं चित्रित केली.

शिवाजी पेठेतल्या या घरात मे २०२१ मध्ये घड्याळ ९५ दाखवत राहिलं. त्या आकड्यावर विसंबून दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर झाला. घड्याळ अजून त्याच खुंटीवर आहे.

(दृश्य: दुपार, तीच गल्ली.)

ताईंनी चिमटा कापसानं पुसला. समोरच्या दारात एक म्हातारी आधीच बोट पुढं करून उभी आहे.

"आज्जी, आधी बसा. दम खावा जरा."