आडनाव नको

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. बेळगावातल्या एका शाळेच्या मागची ही खोली. दारू सोडू पाहणारी माणसं इथं जमतात. दाराबाहेर चपला, एक जुने सेफ्टी शूज, कुणाची तरी पांढरी स्लिपर. आमचा कॅमेरा या चपलांच्या पुढं जाणार नाही, तशी अटच आहे. आतल्यांचे चेहरे दिसणार नाहीत, आवाजही ऐकू येणार नाहीत. त्यांनी सांगितलेलं मी माझ्या तोंडानं सांगतोय.

सेफ्टी शूजवाला खानापूर तालुक्यातला. उद्यमबागेत लेथवर काम करतो. शनिवारी पगार हातात पडला की पाय दारूच्या दुकानाकडं वळायचे. मग वस्तीची गाडी चुकायची आणि रात्र स्टँडच्या बाकड्यावर जायची.

दारू सोडायचं त्यानं मनावर घेतलं नव्हतं असं नाही. आपल्याकडं त्याच्या वाटा ठरलेल्या. देवळात भंडारा उचलायचा, नाहीतर पंढरीची माळ घालायची. माळेनं सुटलेली माणसं या भागात गावोगाव आहेत, त्यांची चेष्टा नाही. यानंही भंडारा उचलला आणि रोजची दारू एका रात्रीत बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंग घामानं भिजलं. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर नसलेली माणसं दिसायला लागली. गल्लीतली जाणती म्हणाली, बाहेरचं झालंय, उतरून टाका.

बाहेरचं काही नव्हतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की असं होऊ शकतं. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, कधी जीवावरही बेतते. अशा वेळी लिंबू उतरवत बसू नये, दवाखाना गाठावा. याला धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, म्हणून तो आज आपल्याशी बोलतोय. तिथून निघताना त्याला सांगण्यात आलं, शरीर सावरलंय, आता तुझ्यासारख्यांत जाऊन बस.

तुझ्यासारखे कुठं बसतात, हे शोधलं बायकोनं. धर्मस्थळाच्या बचत संघात ती दर आठवड्याला हप्ता भरते. तिथल्या बायकांनी मद्यवर्जन शिबिराचं सुचवलं. आठवडाभर तिथंच राहायचं, शेवटी नवजीवन समितीत, म्हणजे शिबिरातून दारू सोडलेल्यांच्या गटात यायचं. अनेकांना ते लागू पडलंय. पण शिबिर जवळच्याच गावात होतं. हा म्हणाला, ‘‘सगळी भावकी बघायला येणार. मी नाही जायचा.’’ मग तिनं १४४४६ ला फोन लावला, तो व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर. पुन्हा ओपीडीत चौकशी केली. तिथं तिला या खोलीचा पत्ता मिळाला.

पत्ता मिळूनही तीन आठवडे तो समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहिला. रस्ता जेमतेम वीस पावलांचा. पण बेळगावात माणूस भेटला की पहिला प्रश्न, ‘‘कुणाचा रे तू?’’ गाव सांगा, आडनाव सांगा, की तासाभरात बातमी घरी. वर या जिल्ह्यात मराठी की कानडी हे सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. इथं दुकानाच्या पाटीवरूनही भांडण पेटतं.

चौथ्या आठवड्यात तो आत गेला. सवयीनं नाव, गाव, आडनाव सांगायला लागला. दाराशी बसलेले काका म्हणाले, ‘‘हेसरु साक. अड्डहेसरु ब्याड.’’ नाव पुरे, आडनाव नको.

ही त्या काकांची पदरची रीत नव्हे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. नावातच निनावीपण. फी नाही. दारू सोडायची इच्छा असली की सभासद. खोलीचं भाडं, चहा-बिस्किटं हे सगळं फिरत्या डब्यात पडेल त्यातून. बाहेरची देणगी घेत नाहीत.

आत काय होतं? खरं तर फार काही नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच सल्ला द्यायचा नाही. कुणी मराठीत बोलतो, कुणी कानडीत, कुणी दोन्हीची भेळ करून. यानं पहिले दोन महिने तोंडच उघडलं नाही. नंतर बोलला ते बायकोचं डोरलं गहाण टाकल्याचं. समोरचे एक जण कानडीत म्हणाले, मी आईच्या पाटल्या ठेवल्या होत्या. ‘‘त्या दिवशी मला कानडी पुरी समजली,’’ असं तो हसत सांगतो.

अकरा महिने गेले. मग गावची लक्ष्मी यात्रा आली. कितीतरी वर्षांनी भरलेली, दारात मांडव, पाव्हणे, मटण. ‘‘आजच्या दिवस घे की’’ म्हणणारा सख्खा मेव्हणा. घेतली, आणि पुढचे नऊ दिवस घेतच राहिला. इथले लोक याला ‘स्लिप’ म्हणतात. हे आम्ही वगळावं असं आमच्यातल्या काहींना वाटत होतं. तोच म्हणाला, राहू दे.

आज तो परत आलाय. दार अर्धं उघडं आहे, त्याचं बोलणं मला बाहेर ऐकू येतंय. नाव सांगितलं. मद्यपी आहे म्हणाला. ‘‘आज चौथा दिवस.’’ टाळ्या वाजल्या.

साडेआठ. चहा यायच्या आतच तो बाहेर येतो, शूजची नाडी न बांधताच स्टँडकडं पळतो. वस्तीची गाडी पावणेनऊची आहे.